विदर्भाचा पहिला नंबर कोणाचा?

अमरावतीच्या राजापेठेत क्रिकेटवर भांडणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. गावसकर की विश्वनाथ, तेंडुलकर की द्रविड, यावर चहाच्या टपरीवर रात्र चढायची. पण विदर्भाच्या रणजी संघाचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, हा प्रश्न २०१७ च्या डिसेंबरापर्यंत कोणी काढल्याचं मला आठवत नाही. ज्या संघाने साठ वर्षांत रणजी करंडकाची अंतिम फेरीसुद्धा पाहिली नव्हती, त्याच्या माणसांची क्रमवारी कोण लावणार? आज त्याच संघाच्या नावावर तीन रणजी करंडक आहेत: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. आता प्रश्न निघतो, वाद होतो, आणि वादात बहुतेक वेळा चुकीचं नाव जिंकतं. म्हणून ही क्रमवारी मी कागदावर उतरवतो आहे.

माझा हिशोब आधीच सांगतो. खेळाडूने भारतासाठी काय केलं, ते इथे दुय्यम. विदर्भाची टोपी डोक्यावर असताना त्याने काय केलं, आणि ते कोणत्या काळात केलं, हे मुख्य. करंडक उचलणाऱ्या संघात शंभर काढणं मोठंच आहे. पण ज्या काळात समोरचा संघ नागपूरला येताना चार दिवसांचं काम तीन दिवसांत उरकायच्या तयारीने यायचा, त्या काळात टिकून राहणं त्याहून अवघड होतं.

नागपूरला क्रिकेट नवं नव्हतं. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एम.सी.सी.विरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा ठोकणारा हा माणूस तोवर होळकरांच्या आश्रयाला इंदूरला गेलेला होता. गुणी माणूस घडवायचा आणि तो दुसऱ्याने न्यायचा, ही इथली रीत तेव्हापासूनची. रणजी स्पर्धा सुरू झाल्यावर मध्य प्रांत व वऱ्हाड या नावाने संघ खेळला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, पण क्रिकेट संघटना वेगळीच राहिली, आणि १९५७-५८ पासून ‘विदर्भ’ या नावाने संघ मैदानात उतरू लागला. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन रणजी संघ का, याचं उत्तर या इतिहासात आहे. २०१६ मध्ये लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ सुचवलं तेव्हा विदर्भाच्या संघटनेचं क्रिकेट मंडळातलं मत जाण्याची वेळ आली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मत कायम ठेवलं. तोवर विदर्भ रणजी विजेता झालेला होता.

पहिल्या साठ वर्षांवर फार शाई खर्चून उपयोग नाही. मध्य विभागात राजस्थान, उत्तर प्रदेश, रेल्वे, मध्य प्रदेश या संघांकडून हरायचं, आणि कधीमधी एखादा सामना अनिर्णित राखला की समाधान मानायचं. २००२ नंतर रणजीत एलिट आणि प्लेट असे दोन गट झाले, तेव्हा विदर्भ बहुतेक काळ खालच्या गटात होता. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर कसोटी सामने व्हायचे. १९८७ च्या विश्वचषकात चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरांचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक तिथे एकाच दिवशी झालं. स्टेडियम भरायचं, पण घरच्या संघाच्या सामन्याला कोणी फिरकत नसे.

त्या काळातलं एकच नाव मी क्रमवारीत घेतो, आणि ते घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही: प्रीतम गंधे. ऑफस्पिनर. शंभर प्रथम श्रेणी सामने, तीनशेहून अधिक बळी, आणि एकही करंडक नाही. ज्या संघाचे फलंदाज दीडशेत गुंडाळले जायचे, त्या संघाच्या फिरकी गोलंदाजाला वाचवायला धावा नसतात आणि दुसऱ्या टोकाला साथही नसते. दिवसभर एका बाजूने टाकत राहायचं, तीन-चार गडी घ्यायचे आणि सामना हरून घरी जायचं. असं एखाद्या मोसमात कोणीही करेल. गंधे ते दीड दशकाहून जास्त करत राहिले. त्यांचा दुसरा उपकार याहून मोठा आहे. खापरखेड्याजवळच्या वलनीतला, कोळसा खाणीतल्या कामगाराचा एक दणकट पोरगा टेनिस बॉलवर भन्नाट वेगाने टाकतो, हे हेरून कर्णधार म्हणून त्याच्या पाठीशी जे उभे राहिले, ते गंधेच. त्या पोराचं नाव उमेश यादव.

उमेशची गोष्ट विदर्भात शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पोलीस भरतीचा प्रयत्न फसला, लेदर बॉल हातात आला तोच उशिरा, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशविरुद्ध थेट रणजी पदार्पण. पहिल्याच डावात चार बळी. त्याच मोसमात दुलीप करंडकात त्याने द्रविड आणि लक्ष्मण यांना बाद केलं. २०१० मध्ये झिम्बाब्वेत भारताकडून पहिला एकदिवसीय सामना, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी. कसोटी खेळणारा विदर्भाचा हा पहिला खेळाडू. पुढे ५७ कसोटींत १७० बळी, २०१५ च्या विश्वचषकात भारतातर्फे सर्वाधिक १८ बळी. आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. उमेशआधी विदर्भातल्या मुलाला भारताकडून खेळायचं तर दुसऱ्या संघाचं दार ठोठावायला हवं, असं इथले जाणते लोकही धरून चालायचे. उमेशनंतर तसं कोणी म्हणेनासं झालं. बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंत किती पोरांनी त्याच्यामुळे पळत येऊन जोरात टाकायला सुरुवात केली, याची मोजदाद नाही.

तरीही माझ्या यादीत उमेश पहिला नाही, दुसराही नाही. यावर राजापेठेत माझ्याशी कोणी भांडेल तर भांडो. भारतीय संघात असल्याने तो विदर्भाला फार थोडे सामने देऊ शकला. त्याचा दोष नाही, पण हिशोब हिशोब आहे. जेव्हा दिले तेव्हा मात्र भरभरून दिले. जानेवारी २०१९ मध्ये वायनाडच्या कृष्णगिरी मैदानावर केरळविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याने पहिल्या डावात ४८ धावांत ७ आणि दुसऱ्या डावात ३१ धावांत ५ गडी घेतले. केरळ १०६ आणि ९१. पाच दिवसांचा सामना दोन दिवसांत संपला. विदर्भाच्या टोपीतलं हे सर्वांत भेदक वेगवान गोलंदाजीचं प्रदर्शन होतं, असं मी बेधडक म्हणतो.

आता २०१७-१८ कडे येतो, कारण ही सगळी क्रमवारी त्या मोसमाभोवती फिरते.

चमत्कार एका रात्रीत झाला नव्हता. क्रिकेट प्रशासक शशांक मनोहरांच्या काळात २००८ मध्ये नागपूरजवळ जामठ्याचं स्टेडियम उभं राहिलं. त्यानंतर मुलांसाठी निवासी अकादमी आली. नव्वदच्या दशकात भारताकडून चार एकदिवसीय सामने खेळलेले प्रशांत वैद्य संघटनेत आले आणि खेळाच्या बाजूला लक्ष मिळालं. गोलंदाजांच्या मागे सुब्रतो बॅनर्जी लागले. २०१४-१५ आणि २०१५-१६ अशी लागोपाठ दोन वर्षं विदर्भ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि हरला. मग २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. मुंबईला तीन रणजी करंडक मिळवून दिलेला हा कडक शिस्तीचा माणूस. पंडितांनी खेळाडूंना शिकवलं काय, तर हरायची सवय मोडायला. ‘चांगले खेळलो’ हे हरणाऱ्याचं वाक्य त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये चालत नसे.

उपांत्य सामना कर्नाटकाशी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. विदर्भाच्या क्रिकेटच्या इतिहासात मला एकच सामना पुन्हा पाहायला मिळणार असेल, तर मी अंतिम सामना नाही, हा मागेन. पहिला डाव १८५ वर आटोपला. कर्नाटकाने ३०१ केल्या, त्यात करुण नायरच्या १५३. तिथे जुना विदर्भ संपला असता. पण दुसऱ्या डावात गणेश सतीशने ८१ काढल्या, आदित्य सरवटेने अर्धशतक केलं आणि संघ ३१३ वर पोहोचला. कर्नाटकापुढे १९८ चं लक्ष्य. चौथ्या दिवसअखेर त्यांचे सात गडी १११ वर बाद. हव्यात ८७, हातात तीन गडी. सामना विदर्भाच्या खिशात आहे असं वाटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी तो खिशातून निसटू लागला. विनयकुमार खेळत राहिला. तो गेल्यावर मिथुनने फटके मारले. श्रेयस गोपाल दुसऱ्या टोकाला हलायला तयार नव्हता. अंतर पन्नासच्या खाली आलं, वीसच्या खाली आलं, दहाच्या खाली आलं. चेंडू रजनीश गुरबानीच्या हातात होता. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, दिसायला साधा, वेग मध्यम, पण चेंडू दोन्हीकडे स्विंग करणारा हा नागपूरचा मुलगा. उरलेले तिन्ही गडी त्यानेच घेतले. कर्नाटक १९२ वर सर्वबाद, विदर्भ पाच धावांनी विजयी. दुसऱ्या डावात ६८ धावांत ७, सामन्यात १२ बळी. अशा क्षणी एक आखूड चेंडू पडला असता, एक कड यष्टिरक्षकाशेजारून चौकाराला गेली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. साठ वर्षांची हरण्याची सवय ज्या षटकांत मोडली, ती ही षटकं.

अंतिम सामना २९ डिसेंबर २०१७ ला इंदूरच्या होळकर स्टेडियमवर सुरू झाला. ज्या गावाने नागपूरकडून नायडू नेले, तिथेच विदर्भाची पहिली रणजी फायनल. नाणेफेक जिंकून कर्णधार फैज फझलने दिल्लीला फलंदाजी दिली. ध्रुव शोरीने १४५ केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे त्रिफळे उडवले, आणि पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर शतकवीर शोरीचाही. हॅटट्रिक, आणि तिन्ही त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅटट्रिक. पहिली १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. दिल्ली २९५.

उत्तरात फझल ६७, जाफर ७८, सरवटे ७९, नेरळ ७४, आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे यष्टिरक्षक अक्षय वाडकरच्या १३३. प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलं शतक, तेही फायनलमध्ये. विदर्भ ५४७. दुसऱ्या डावात अक्षय वखरेच्या फिरकीपुढे दिल्ली २८० वर संपली आणि २९ धावांचं लक्ष्य उरलं. १ जानेवारी २०१८ च्या दुपारी विजयाचा चौकार वसीम जाफरच्या बॅटमधून गेला.

जाफर आला की वादाचा खरा मुद्दा येतो: बाहेरचा माणूस. मुंबईचा, ३१ कसोटी खेळलेला, मुंबईबरोबर आठ रणजी करंडक जिंकलेला हा फलंदाज २०१५ मध्ये विदर्भाकडे व्यावसायिक खेळाडू म्हणून आला. रणजी संघांना बाहेरचे काही खेळाडू मानधन देऊन घेता येतात. विदर्भाने ते नेहमी घेतले. त्यांतले बरेच आले, धावा केल्या, पैसे घेतले आणि गेले. यात वाईट काही नाही, करार तसाच असतो. जाफर मात्र वेगळा निघाला. २०१६-१७ चा मोसम दुखापतीमुळे त्याला खेळता आला नाही. मानधन आधीच मिळालेलं होतं, म्हणून पुढच्या मोसमात तो विदर्भाकडून एक पैसा न घेता खेळला. त्याच मोसमात करंडक आला. मार्च २०१८ मध्ये नागपुरात इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव सोडला, त्यात चाळिशी गाठलेल्या जाफरच्या २८६. पुढच्या मोसमात १०३७ धावा आणि दुसरा करंडक. आकड्यांपलीकडचं त्याचं काम जाळ्यात दिसायचं. गुड लेंग्थवरचा चेंडू कधी सोडायचा आणि कधी खेळायचा, हे विदर्भाची एक अख्खी पिढी त्याच्याशेजारी उभी राहून शिकली.

बाहेरचा म्हणून जाफरला यादीतून वगळा, असं म्हणणाऱ्यांना मी नेपल्सकडे बोट दाखवतो. मारादोना नापोलीचा नव्हताच, तो अर्जेंटिनाचा. १९८४ मध्ये पैसे मोजून आणलेला. त्याने उत्तरेतल्या श्रीमंत क्लबांच्या नाकावर टिच्चून त्या गरीब शहराला १९८७ आणि १९९० अशी दोन विजेतेपदं मिळवून दिली, आणि २०२० मध्ये तो गेला तेव्हा नेपल्सने आपलं स्टेडियमच त्याच्या नावाने केलं. माणूस कुठून आला, यापेक्षा त्याने इथे काय पेरलं हे महत्त्वाचं. जाफर माझ्या यादीत दुसरा आहे.

ज्यांनी २०१७-१८ मध्ये विदर्भाविरुद्ध शतकं ठोकली, त्या करुण नायर आणि ध्रुव शोरी दोघांनीही पुढे विदर्भाचीच टोपी घातली. नायर २०२३ मध्ये आला, कर्नाटकाने वगळल्यानंतर. चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ करणाऱ्या या माणसाला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. २०२४-२५ च्या रणजीत त्याने ८६३ धावा काढल्या, केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५, आणि २०२५ मध्ये तो इंग्लंडमध्ये पुन्हा भारताकडून खेळला. ज्या संघातून खेळाडूंनी बाहेर पडायचं असा रिवाज होता, त्या संघात येऊन माणसाची कारकीर्द उभी राहते, हा बदल छोटा नाही. पण नायर दोनच मोसम राहिला आणि कर्नाटकाकडे परतला. त्याला यादीत जागा आहे, शेवटच्या टोकाला.

दुसऱ्या करंडकाचं श्रेय वाटायचं झालं तर अर्धं एकट्या आदित्य सरवटेला द्यावं लागेल. फेब्रुवारी २०१९, जामठा, समोर सौराष्ट्र, आणि सौराष्ट्राकडे चेतेश्वर पुजारा. ऑस्ट्रेलियात नुकतीच मालिका जिंकून आलेला, जगातला सर्वांत चिवट फलंदाज. सरवटेच्या डावखुऱ्या फिरकीने त्याला पहिल्या डावात १ वर आणि दुसऱ्या डावात शून्यावर पाठवलं. सामन्यात ११ बळी, मोसमात ५५. विदर्भ ७८ धावांनी विजयी. त्यानंतर लगेच इराणी करंडकही राखला, आणि पुलवामाच्या हल्ल्याला थोडेच दिवस झाले असल्याने बक्षिसाची सगळी रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबांना देण्याचं कर्णधार फझलने जाहीर केलं. सरवटे पुढे केरळकडे गेला. २०२५ च्या अंतिम सामन्यात तो जामठ्यावरच विदर्भाविरुद्ध उभा होता आणि ७९ धावा करून त्याने जुन्या सोबत्यांना चांगलाच घाम फोडला. त्याने माझ्या मनातली त्याची जागा एक इंचही खाली आली नाही. चौथा.

आता वऱ्हाडाचं बोलायलाच हवं, कारण नागपूर म्हणजे विदर्भ नव्हे.

अमरावतीची ओळख आखाड्याची. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन हुतुतूसह देशी खेळ दाखवणारं त्याचं पथक, हा इथला अभिमान. क्रिकेट मागाहून आलं. वऱ्हाडातल्या मुलाला विदर्भाच्या निवडीसाठी नागपूर गाठावं लागतं. अमरावतीहून दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. राजापेठेच्या थांब्यावर पहाटेच्या गाडीत किटबॅग चढवणारे पोट्टे आणि त्यांना सोडायला आलेले बाप मी पाहत आलो आहे. बाप नोकरीवर रजा टाकून आलेला असतो, पोट्ट्याच्या हातात आईने दिलेला डबा असतो, आणि कंडक्टर बॅगचं तिकीट मागत असतो. निवड झाली नाही तर संध्याकाळी हीच मंडळी उतरतात. त्यातून जे वर आले, त्यांची किंमत म्हणून मी जरा जास्त लावतो. हा पक्षपात असेल तर तो मला मान्य आहे.

अकोल्याच्या आदित्य ठाकरेचं प्रथम श्रेणी पदार्पण थेट इंदूरच्या अंतिम सामन्यात झालं आणि तिथून तो १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडला गेला. अकोल्याच्याच अथर्व तायडेने कुचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात ३२० धावा काढल्या होत्या. २०२५ च्या ऑक्टोबरात इराणी करंडकात त्याच्या १४३ मुळे विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. अकोल्यात वाढलेल्या दर्शन नळकांडेने २०२१ मध्ये मुश्ताक अली करंडकाच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाचे चार चेंडूंवर चार गडी घेतले. यवतमाळ जिल्ह्यातला, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा अक्षय कर्णेवार तर वेगळंच रसायन आहे. २०२१ मध्ये मणिपूरविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात त्याने चार षटकं टाकली, चारही निर्धाव, दोन बळी. एकही धाव न देता पूर्ण चार षटकं, ही गोष्ट जगात त्याआधी कोणी केली नव्हती. २०१९ च्या रणजी फायनलमध्ये नाबाद ७३ आणि लगेच इराणीत १०२ या धावाही त्याच्याच.

आणि आमचा अमरावतीचा जितेश शर्मा. मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध बंगळुरूचं कर्णधारपद सांभाळत ३३ चेंडूंत नाबाद ८५, आणि त्या मोसमात आयपीएलचं विजेतेपद. तो भारताकडून टी-ट्वेंटी खेळला याचा इथे घरोघरी आनंद आहे. पण रणजीच्या यादीत मी त्याला बसवू शकत नाही. चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये विदर्भाने त्याला फार खेळवलं नाही, आणि २०२५ मध्ये तो बडोद्याकडे गेला. अमरावतीच्याच भारती फुलमाळीचाही उल्लेख इथे हवा. २०१९ मध्ये ती भारताकडून इंग्लंडविरुद्ध टी-ट्वेंटी खेळली, आणि २०२५ च्या महिला प्रीमियर लीगमध्ये मुंबईविरुद्ध तिने २५ चेंडूंत ६१ धावा फटकावल्या. महिला क्रिकेटची अशीच क्रमवारी कोणीतरी वेगळी लावायला हवी. ती लावली जाईल तेव्हा भारतीचं नाव वरच्या ओळीत असेल.

तिसऱ्या करंडकाच्या मोसमात एक विक्रम झाला, तो पुसायला वेळ लागेल. डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबेने २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमातला हा सर्वाधिक आकडा. आधीचा ६८ चा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा आणि त्याच्याआधी कित्येक वर्षं ६४ वर उभा राहिलेला बिशनसिंग बेदींचा. त्याच मोसमात यश राठोडच्या ९६० धावा आणि अंतिम सामन्यात दानिश मालेवारच्या १५३. केरळवर पहिल्या डावातली ३७ धावांची आघाडी करंडकाला पुरली. कर्णधार होता अक्षय वाडकर. त्याआधीच्या वर्षी वानखेडेवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात ५३८ च्या अशक्य लक्ष्यामागे धावताना चौथ्या डावात १०२ करणाराही तोच. तो सामना विदर्भ १६९ धावांनी हरला, पण पाचव्या दिवशी सकाळी वाडकर आणि दुबे खेळत होते तोवर मुंबईच्या मंडळींच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पहिल्या फायनलमध्ये शतक, पराभूत फायनलमध्ये शतक, तिसऱ्या करंडकाचा कर्णधार: वाडकरचं नाव जेवढं घेतलं जायला हवं तेवढं घेतलं जात नाही.

राहिला पहिला क्रमांक. फैज फझल.

डिसेंबर २००३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने जम्मू-काश्मीरविरुद्ध पदार्पणातच १५१ केल्या. संघ तेव्हा खालच्या गटात होता. प्लेट गटातल्या धावा मुंबई-दिल्लीच्या निवडकर्त्यांच्या नजरेत भरत नसत. मधली काही वर्षं तो रेल्वेकडून खेळला, पण परत आला. नव्या चेंडूसमोर पहिला उभा राहणारा हा डावखुरा सलामीचा फलंदाज दोन दशकं विदर्भाच्या डावाचं दार अडवून बसला. मार्च २०१६ मध्ये इराणी करंडकात शेष भारताने मुंबईविरुद्ध ४८० चा पाठलाग यशस्वी केला, त्यात फझलच्या १२७. त्याच वर्षी हरारेत वयाच्या तिसाव्या वर्षी त्याला भारताची टोपी मिळाली. त्याने नाबाद ५५ केल्या, भारत दहा गडी राखून जिंकला, आणि त्याला पुन्हा कधीच बोलावलं नाही. एकच सामना, अर्धशतक, नाबाद. यावर त्याने कुठे कुरकूर केली नाही. तो नागपूरला आला आणि पुढच्या मोसमापासून संघ बांधायला लागला. २०१७-१८ मध्ये कर्णधार म्हणून त्याने ९१२ धावा काढल्या. त्या मोसमात त्याच्याहून जास्त धावा फक्त मयांक अगरवालच्या होत्या. संघात जाफर होता, पंडित होते, तरी नाणेफेकीला जाणारा, हरलेल्या दिवसांची चव माहीत असलेला आणि म्हणून जिंकण्याची खरी भूक असलेला माणूस फझल होता.

उमेशने विदर्भाच्या मुलांना भारतीय संघाचं दार दाखवलं. जाफरने जिंकणाऱ्या संघाची रीत आणून दिली. पण हरणारा विदर्भ आणि जिंकणारा विदर्भ हे दोन्ही ज्याने पूर्ण जगले आणि पहिल्यातून दुसरा ज्याच्या हाताखाली झाला, असा माणूस एकच आहे.

तर माझी क्रमवारी: फैज फझल, वसीम जाफर, उमेश यादव, आदित्य सरवटे, प्रीतम गंधे, अक्षय वाडकर, रजनीश गुरबानी, हर्ष दुबे, गणेश सतीश, करुण नायर. यातला हर्ष दुबे पाच वर्षांत बराच वर सरकेल, अशी मला खात्री आहे. गंधेंना पाचवं स्थान देताना माझा हात अडखळला नाही, आणि कोणी त्यांना वर नेलं तर मी भांडणार नाही. कोणी त्यांना यादीतून काढलं, तर मात्र जरूर भांडेन.

फझल फेब्रुवारी २०२४ मध्ये थांबला, ज्या नागपुरात वीस वर्षांपूर्वी सुरुवात केली तिथेच, हरियाणाविरुद्धच्या सामन्यात. नावावर नऊ हजारांहून अधिक प्रथम श्रेणी धावा आणि दोन रणजी करंडक.